डबल्सवाला : धागा चिराग शेट्टीवर (सात्विक आपोआप येणारच)

नेटजवळची

परवा आमच्या इथल्या बॅडमिंटन कोर्टवर एक बाबा आपल्या अकरा वर्षांच्या पोराबद्दल कोचना विचारत होते, काय वाटतं सर, जमेल का याला? कोच म्हणाले हात चांगला आहे पण पाय जड आहेत, डबल्सला टाकू. आणि त्या बाबांचा चेहरा असा पडला ना, जसं काही पोरगा दहावीला गचकला म्हणून सांगितलंय. मी बाजूला बुटाची लेस बांधत होते, गप्प बसले, पण घरी येईपर्यंत डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

मला चिराग शेट्टीबद्दल लिहायचंय. ४ जुलै १९९७ चा जन्म, मुंबईचाच, गोरेगावला उदय पवार सरांच्या अकादमीत तयार झालेला, म्हणजे आमच्या बोरिवलीपासून तीन स्टेशनं. मग हैदराबादला गोपीचंद अकादमी. २०१५ ला मलेशियाचे टॅन किम हर भारताचे डबल्स कोच म्हणून आले आणि त्यांनी चिरागला आंध्रातल्या अमलापुरमच्या एका पोरासोबत उभं केलं, सात्विकसाईराज रंकीरेड्डी, चिरागपेक्षा तीन वर्षांनी लहान. दोघांचे आधीचे जोडीदार वेगळे, आणि सुरुवातीला तर म्हणे धड एका भाषेत बोलायची पण पंचाईत.

आता गंमत बघा. दोघेही उंच, दोघेही मागे उभं राहून फोडणारे. डबल्सला जोडी लावताना साधारण एक मागचा एक पुढचा असा हिशेब असतो आणि इथे दोन्ही मागचे, म्हणजे मैफिलीला दोन तबलजी आले, पेटी कोण वाजवणार? तर पेटी चिरागनं उचलली. म्हणजे तो अजूनही मागून मारतोच, पण जास्त वेळ पुढे यायला लागला, नेटवर. ज्यांनी डबल्स खेळलंय त्यांना कळेल हे काय आहे ते. मागून मारलेलं दिसतं, टाळ्या पडतात. पुढच्याला मागचं काही दिसत नाही, पार्टनरचा स्मॅश कानाजवळून जातो आणि समोरच्यानं परत टाकलेलं शटल डोळ्याची पापणी लवायच्या आत तुमच्या छातीवर, रॅकेट वर धरलेली नसेल तर गेलात. वळून बघायची सोय नाही. मागे तो आहे यावर विश्वास ठेवायचा, बास.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असेल म्हणून भरभर सांगते. २०१८ ला गोल्ड कोस्ट कॉमनवेल्थला सिल्व्हर. ऑगस्ट २०१९ ला थायलंड ओपन, फायनलला त्या वेळचे वर्ल्ड चॅम्पियन ली जुनहुई आणि लिऊ युचेन, त्यांना २१-१९, १८-२१, २१-१८. तोवर आपल्या पुरुषांच्या कुठल्याच जोडीनं सुपर ५०० दर्जाची स्पर्धा जिंकलेली नव्हती. मग २०२२ ला इंडिया ओपन, थॉमस कप, बर्मिंगहॅम कॉमनवेल्थचं गोल्ड, वर्ल्ड चॅम्पियनशिपचं ब्राँझ, फ्रेंच ओपन, सगळं एकाच वर्षात. २०२३ ला स्विस, एशियन चॅम्पियनशिप, इंडोनेशिया, कोरिया, एशियन गेम्स गोल्ड आणि ऑक्टोबरमध्ये जगात एक नंबर. एवढं करून पण आमच्या कोर्टवर डबल्स म्हणजे पाय जड असलेल्यांची सोय.

आणि एक. या अख्ख्या यादीत एक पण ओळ चिरागची एकट्याची नाहीये. सिंगल्सवाल्याचं करिअर त्याच्या एकट्याच्या नावावर असतं, डबल्सवाल्याचं सातबाऱ्यासारखं, दुसऱ्याचं नाव लागलेलंच असतं. दुसऱ्याचा खांदा दुखला की तुमचं पण वर्ष गेलं. मला त्याचंच जास्त वाटतं.

बोला.

पक्या ठाणेकर

भारी धागा. पण ताई खरं सांगू का, स्टार सात्विकच आहे. त्याचा तो स्मॅशचा गिनीज रेकॉर्ड, ५६५ किमी ताशी! वंदे भारतला काय करायचंय त्याच्यापुढे. चिराग चांगला आहे पण सात्विकच्या जागी दुसरा असता तर?

नेटजवळची

पक्या, तो ५६५ चा स्मॅश जपानमध्ये रॅकेटवाल्या यॉनेक्सच्या कारखान्यात मोजलाय रे, सोका म्हणून गाव आहे, २०२३ च्या एप्रिलमध्ये. मॅचमध्ये नाही. सात्विकचा हात अफाटच आहे, त्याबद्दल वादच नाही. पण मॅचमध्ये तो स्मॅश मारायला समोरच्यानं शटल उचलून तर द्यायला हवं ना. मोठ्या लेव्हलला फुकट कोण उचलून देतंय? कमी उंचीची सर्व्हिस, मग तिसराच शॉट असा दाबून मारायचा की समोरच्याला खालून वर उचलण्याशिवाय मार्ग नको, मग मागचा फोडणार. उचलायला लावतो तो पुढचा. आपण टीव्हीवर शेवटचा शॉट बघतो आणि म्हणतो काय मारला!

आणि सर्व्हिसचं पण. २०१८ पासून नियम आहे, सर्व्ह करताना शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खालीच पाहिजे. पाच फुटी माणसाला काही नाही, पण सहा फुटांच्या वर असलेल्यानं ते करून बघावं, हात कुठे ठेवू आणि कोपर कुठे ठेवू असं होतं. हे दोघंही उंच.

फुलटॉस

शेट्टी म्हणजे आपला कुठला? तिकडचाच ना?

पक्या ठाणेकर

@फुलटॉस मुंबईत जन्मला, मुंबईत वाढला, गोरेगावात शिकला. अजून काय रेशन कार्ड दाखवू? अख्खी मुंबई ज्यांच्याकडे सकाळी इडली खाते त्यांना तिकडचा म्हणतोस होय रे.

आप्पा दादरकर

धागाकर्ती ताईंचं बरोबर आहे. आमच्या वेळची गोष्ट सांगतो म्हणजे कळेल. १९८२ ची दिल्ली एशियाड, पुरुष डबल्सला ब्राँझ मिळालं होतं आपल्याला, लेरॉय डिसा आणि प्रदीप गंधे. आता इथे हात वर करा बघू किती जणांना माहीत होतं? त्या वर्षी सय्यद मोदीचं सिंगल्सचं ब्राँझ सगळ्यांना ठाऊक, ते बरोबरच आहे, पण गंधे आपला मुंबईचा माणूस, त्याचं नाव घेणारे किती राहिले.

त्यानंतर पुरुष डबल्सला एशियाडचं पदक यायला ४१ वर्षं लागली, ते हे हँगझोचं गोल्ड. मधली चार दशकं काय झालं? काही नाही झालं, तेच झालं. जो पोरगा ज्युनियरला चमकला तो सिंगल्सला, बाकीचे एकत्र करून डबल्स. त्यासाठी वेगळा कोच वगैरे कोणाच्या डोक्यात पण नव्हतं. सकाळी सिंगल्सची प्रॅक्टिस, संध्याकाळी पाय उरले तर डबल्स. इंडोनेशिया, कोरिया, चीन यांच्याकडे पोराला लहानपणापासूनच डबल्सला घालतात, तिथे तो कमीपणा नसतो. त्यांचे हिरोच डबल्सवाले.

टॅन किम हर आला आणि त्यानं हे वेगळं खातं उघडलं म्हणायचं. २०१९ ला तो गेला, पुढे डेन्मार्कचा मथियास बो आला, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचा डबल्सचा सिल्व्हर मेडलिस्ट. पॅरिस ऑलिंपिकनंतर बो थांबला आणि पोरांसाठी परत टॅनलाच बोलावलं. म्हणजे ज्यानं लग्न जुळवलं तोच परत संसार सावरायला आला.

सई_सावंतवाडी

बो म्हणजे तापसीचा नवरा ना?

आप्पा दादरकर

हो हो. आमच्या घरात पण त्याची तीच ओळख आहे. ऑलिंपिकचं सिल्व्हर गेलं खड्ड्यात.

हिशेबनीस

पैशाचं कोणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो, धंदाच माझा तो.

बक्षिसाची रक्कम वाटायचा जागतिक फेडरेशनचा ठरलेला तक्ता असतो. एकूण रकमेच्या ७ टक्के सिंगल्सच्या विजेत्याला आणि ७.४ टक्के डबल्सच्या विजेत्या जोडीला. जोडीला हं, प्रत्येकी नाही. २०२३ ची इंडोनेशिया ओपन घ्या, सुपर १००० म्हणजे वरच्या दर्जाची, एकूण साडेबारा लाख डॉलर. सिंगल्स जिंकणाऱ्याला ८७,५०० आणि आपल्या या दोघांना मिळून ९२,५००, म्हणजे डोक्यामागे ४६,२५०. तेच स्टेडियम, तोच आठवडा, तेवढ्याच पाच मॅच.

आता सांगा तो बाबा चेहरा पाडणार नाही तर काय करणार. ताई रागावू नका पण तुमच्या त्या बाबांना व्यवहार कळतो.

नेटजवळची

@हिशेबनीस रागावत नाही, आकडे बघून थंडच पडले. मला अर्ध्याच्या जवळपास असेल एवढंच वाटायचं, हे नीट आज कळलं. पण मग उलट पण बघा ना, रँकिंग पण जोडीचंच. पार्टनर बदलला की नवी जोडी परत खालून चढायला लागते. म्हणजे कमाई अर्धी आणि जोखीम दुप्पट. पॅरिसनंतर सात्विकला दुखापत होती तेव्हा चिराग धडधाकट असून घरी. आणि २०२५ च्या ऑल इंग्लंडला उलटं, चिरागची पाठ गेली आणि मॅच सोडावी लागली, सात्विक ठणठणीत. अशा वेळी दुसऱ्यानं तोंड कसं ठेवायचं हे कोणी शिकवत नाही.

मी हे थोडं जवळून बघितलंय, म्हणजे त्यांच्या लेव्हलचं नाही अर्थात, आमचं गल्लीचंच. माझी पार्टनर अकरा वर्षं एकच होती. तिचा गुडघा गेला तेव्हा मला क्लबच्या स्पर्धेची सेमीफायनल सोडावी लागली आणि मी तिला धीर देत होते आणि मनातून चिडले पण होते, आणि चिडले म्हणून स्वतःवर पण चिडले. ते तिला अजून सांगितलेलं नाहीये. असो, अवांतर झालं.

मीनल_फ्रँकफर्ट

वाचनमात्र असते मी पण आज लिहितेच. पॅरिसला क्वार्टर फायनलला मी होते. १ ऑगस्ट २०२४, पोर्त द ला शापेलचा हॉल. तिकिटं आधी काढून ठेवलेली, फ्रँकफर्टहून ट्रेननं, नवरा म्हणाला मेडल मॅचची काढ की, मी म्हटलं ती पण काढलीयेत. तिथेच माती खाल्ली बहुतेक.

समोर मलेशियाचे आरोन चिया आणि सोह वूई यिक. पहिला गेम २१-१३, इतका सहज की आमच्या रांगेतल्या एका काकांनी फायनलचं गणित मांडायला सुरुवात केली. मग १४-२१ आणि १६-२१. मॅच संपल्यावर दोघं बराच वेळ तिथेच. मी टीव्हीवर इतक्या मॅच बघितल्यात पण हॉलमध्ये कळतं की डबल्स हरल्यावर माणसाला एकट्याला रडता पण येत नाही, बाजूला दुसरा उभा असतो, त्याच्याकडे बघायला लागतं.

पण पुढचं ऐका. २०२५ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप पॅरिसलाच होती, त्याच हॉलमध्ये. क्वार्टर फायनलला परत तेच दोघं, चिया आणि सोह! मी परत गेले, नवरा या वेळी आलाच नाही, म्हणाला तू गेलीस की हरतात. २१-१२, २१-१९. सरळ दोन गेम. मी एवढी ओरडले की पुढे बसलेल्या फ्रेंच बाईंनी मला गोळी दिली घशाची. सेमीला चीनच्या चेन बोयांग आणि लिऊ यी कडून तीन गेममध्ये हरले, म्हणून ब्राँझ, २०२२ नंतरचं दुसरं. माझ्या लेखी पॅरिसचा हिशेब तेव्हा फिटला. बहुतेक. पूर्ण नाही.

पक्या ठाणेकर

मीनल 👏👏 त्या चिया-सोहचं तर वेगळंच प्रकरण आहे. २०२३ च्या इंडोनेशिया ओपनच्या, म्हणजे जाकार्ताच्या फायनलच्या आधी आपण त्यांच्याशी आठ मॅच खेळलो होतो आणि आठच्या आठ हरलो होतो. ०-८! २०२२ च्या वर्ल्ड्सची सेमी पण त्यातलीच, पहिला गेम २२-२० जिंकून मग हरलो. आणि नववी मॅच कुठली तर सुपर १००० ची फायनल. २१-१७, २१-१८. आपल्याकडून सुपर १००० जिंकणारी पहिलीच जोडी. मग हँगझोला सेमीत परत त्यांनाच धुतलं. आठ वेळा ज्याच्याकडून मार खाल्लाय त्याच्यासमोर नवव्यांदा हसत उभं राहायचं, आम्ही तर दोनदा हरलो की सोसायटीत तो माणूस दिसला तरी जिना बदलतो.

फुलटॉस

हे सगळं ठीक आहे हो पण उगाच रडारड नको. जुलै २०२४ मध्ये या चिरागनेच क्रिकेटवाल्यांवर टीका केली होती ना? वर्ल्ड कप जिंकून आले म्हणून राज्य सरकारनं ११ कोटी दिले तर याच्या पोटात दुखलं. क्रिकेट बघणारी माणसं आहेत म्हणून पैसा आहे, साधं गणित. बॅडमिंटन कोण बघतं?

आप्पा दादरकर

@फुलटॉस तुम्ही बातमीचं हेडिंग वाचलंत, बातमी नाही. क्रिकेटपटूंना देऊ नका असं तो कुठेच म्हणाला नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच होतं की थॉमस कप हा बॅडमिंटनचा वर्ल्ड कपच आहे, त्या टीममध्ये महाराष्ट्राचा तो एकटाच होता, मग राज्यानं त्याची दखल पण घेऊ नये का.

आणि थॉमस कप म्हणजे काय ते सांगतो. १९४९ पासूनची स्पर्धा. आपण तोवर कधी फायनलला पण गेलो नव्हतो. मे २०२२, बँकॉक. क्वार्टरला मलेशिया ३-२, सेमीला डेन्मार्क ३-२, फायनलला इंडोनेशिया, चौदा वेळचे विजेते, त्यांना ३-० !! बघा जरा कसं ते. लक्ष्य सेननं पहिली मॅच काढली, तिसरी श्रीकांतनं. मधली चिराग-सात्विकची, समोर मोहम्मद अहसान आणि केविन सुकामुल्यो. पहिला गेम गेला १८-२१. दुसऱ्यात मॅच पॉइंट समोरच्यांकडे, वाचवत वाचवत २३-२१. तिसरा २१-१९. ती मॅच गेली असती तर १-१ आणि मग इंडोनेशियाची दुसरी जोडी अजून बाकी होती, काय झालं असतं देव जाणे. त्या स्पर्धेत पाचातल्या दोन मॅच डबल्सच्या असतात. ज्यांच्याकडे डबल्स नाही त्यांनी थॉमस कपचं नाव काढू नये, आणि आपल्याकडे सत्तर वर्षं डबल्स नव्हतं. तो कप आला कशामुळे हे यातच आलं.

फुलटॉस

बरं बरं आप्पा, मान्य. हायलाइट्स बघतो. पण ११ कोटीचं मी बोललो ते चुकीचं नाही.

पक्या ठाणेकर

चुकीचं नाही, फक्त ऑफसाइडला वाइड आहे 😄

वर्धेची पोर

ज्वाला गुट्टाचं नाव अजून कोणी काढलं नाही म्हणून आले. ती वर्ध्याची आहे बरं का, जन्म वर्ध्याचाच, मग कुटुंब हैदराबादला गेलं. डबल्सला दुय्यम वागणूक मिळते हे या पोरांच्या कितीतरी आधी ती ओरडून सांगत होती आणि लोकं म्हणायची भांडखोर आहे. २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थला अश्विनी पोनप्पासोबत गोल्ड, २०११ ला लंडनला वर्ल्ड चॅम्पियनशिपचं ब्राँझ, १९८३ च्या प्रकाश पदुकोणनंतर वर्ल्ड्सचं पदक थेट या दोघींचंच.

आणि २०१२ ऑलिंपिक. ग्रुपमध्ये तीन मॅचपैकी दोन जिंकल्या, तरी बाहेर! तीन जोड्यांचे सारखे विजय, मग पॉइंटचा फरक मोजला, तर एका पॉइंटनं गेल्या. एका! त्याच ऑलिंपिकला मुद्दाम हरतात म्हणून चार जोड्यांना बाद केलं होतं ते आठवत असेल, आणि आपण जपानच्या मॅचबद्दल तक्रार पण केली होती, काही उपयोग झाला नाही.

नेटजवळची

वर्धेची, अगं थँक्यू, हे यायलाच हवं होतं. आणि बघ ना, नऊ वर्षांनी टोकियोला चिराग-सात्विकचं डिट्टो तेच झालं. तीनपैकी दोन जिंकले आणि बाहेर.

हिशेब मांडतेच, हिशेबनीस तपासा. ग्रुपमध्ये तैवानचे ली यांग आणि वांग ची-लिन, इंडोनेशियाचे गिडियन आणि सुकामुल्यो, आणि ब्रिटनचे लेन आणि वेंडी. पहिलीच मॅच तैवानशी, तिसरा गेम २७-२५ ने मारला. मग इंडोनेशियाशी सरळ हरले. मग ब्रिटनला सरळ हरवलं. तिकडे तैवाननं इंडोनेशियाला हरवलं, झाले तिघांचे दोन दोन विजय. मग गेम मोजायचे. इंडोनेशिया जिंकले पाच हरले दोन, तैवान जिंकले पाच हरले तीन, आपण जिंकले चार हरले तीन. संपलं. एका गेमनं.

आणि नंतर गोल्ड कोणी घेतलं? ली यांग आणि वांग ची-लिन. अख्ख्या ऑलिंपिकमध्ये ते एकच मॅच हरले, आपल्याशी. पुढे पॅरिसला पण त्यांनीच गोल्ड घेतलं. ज्याला एकट्या तुम्ही हरवलंत तो गळ्यात गोल्ड घालून उभा आणि तुम्ही विमानात. मला त्या आठवड्यात जेवण गेलं नव्हतं नीट, आईनं विचारलं ऑफिसात काही झालं का.

हिशेबनीस

तपासलं. बरोबर आहे. इंडोनेशियाशी एक गेम जरी काढला असता तर तैवानशी बरोबरी होऊन पॉइंटवर गेलं असतं. १३-२१, १२-२१ हरल्यामुळे ते पण कठीणच होतं म्हणा.

सांगलीचा बाळ्या

आता तारखांचं निघालंच आहे तर माझं एक. टोकियोतली ती शेवटची मॅच २७ जुलै २०२१ ची. दुसऱ्या दिवशी २८ जुलैला पुण्यात नंदू नाटेकर गेले. आमच्या सांगलीचे. १९५६ ला मलायात सेलँगॉरची स्पर्धा जिंकून परदेशात जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. बॅडमिंटनचे नियम पण मुळात पुण्याच्या छावणीत लिहिले गेले, खेळाला पूनाच म्हणायचे, म्हणजे घर आपलंच हो.

आमचे वडील नाटेकरांचे भक्त. बॅकहँडबद्दल बोलायला लागले की आमटी गार व्हायची. मी लहानपणापासून ऐकत आलोय की नाटेकरांनी १७ नॅशनल टायटलं जिंकली. आणि हा धागा वाचताना पहिल्यांदा डोक्यात आलं की १७ कशी झाली? सिंगल्सची सहाच आहेत. पुरुष डबल्सची सहा आणि मिक्स्डची पाच. म्हणजे अकरा जोडीनं!! वडिलांनी तीस वर्षांत एकदा पण डबल्सचा विषय काढलेला मला आठवत नाही.

नेटजवळची

बाळ्या काय सांगतोस! म्हणजे अकरा वेळा त्यांच्या शेजारी कोणीतरी उभं होतं.

आप्पा दादरकर

हे माझ्या पण लक्षात आलं नव्हतं राव. इतकी वर्षं नाटेकर म्हटलं की डोळ्यासमोर कोर्टवर एकटाच माणूस येतो.

सई_सावंतवाडी

मला खेळातलं कळत नाही पण धागा पूर्ण वाचला. एक बाळबोध प्रश्न, कोर्टवर सारखं एकमेकांना टाळी का देतात? पॉइंट गेला तरी देतात.

पक्या ठाणेकर

गेला तरच जास्त द्यायची असते ग. नाहीतर पुढची सर्व्हिस जातेच.

मीनल_फ्रँकफर्ट

सई, पॅरिसला मी मोजायचा प्रयत्न केला होता पहिल्या गेममध्ये, चाळीसच्या पुढे नाद सोडला. बाय द वे कोरिया ओपन जिंकल्यावर दोघांनी गंगनम स्टाइल नाच केलेला बघा कोणी बघितला नसेल तर. सात्विक नाचतो, चिराग नाचायला लागतो म्हणून नाचतो.

फुलटॉस

थॉमस कपची ती डबल्सची मॅच बघितली आत्ता. अख्खी बघितली, हायलाइट्स नाही. दुसऱ्या गेमला शेवटी शेवटी मी उभा होतो खोलीत. बायको विचारते क्रिकेट सुरू आहे का.

काही बोलत नाही आता. तो ११ कोटीचा मुद्दा तेवढा आहेच.

आप्पा दादरकर

😄 जाकार्ताची फायनल लावा आता. आणि नेटजवळची ताई, त्या बाबांच्या पोराचं काय झालं पुढे?

नेटजवळची

आप्पा, काल बघितलं. टाकलाय डबल्सला. बाबा बाकावर मोबाईल बघत बसले होते, पोरगा आणि त्याचा पार्टनर दोघं एकाच शटलला धावले आणि दोघांनी पण सोडलं. मग एकमेकांकडे बघून "तुझं होतं", "नाही तुझं होतं". तसं तीन वेळा झालं. चौथ्यांदा आमच्या पोरानं "माझं" म्हणून ओरडून घेतलं आणि नेटमध्ये मारलं.